अंगठा जुळला, पण माणसं मोजली का?

प्रश्न : आमच्या ऑफिसात हजेरीचं बोटाचं यंत्र आहे. तेच तुरुंगाच्या देवडीवर (मुख्य दारावरच्या चौकीत) बसवलं तर बंद्यांची ये-जा आपोआप नोंदली जाणार नाही का? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नोंदली जाईल, पण ऑफिसातली सेटिंग तशीच ठेवली तर घोटाळा ठरलेला. हजेरीचं यंत्र नुसतं बोट घेतं आणि सगळ्या नोंदींत शोधत सुटतं. समजा 10,000 तुलनांत एक चुकीची जुळणी होते आणि आत 400 बंदी आहेत. मग नोंदच नसलेल्या माणसाचं बोटही शंभरातून सुमारे 4 वेळा कुणा ना कुणाशी जुळेल. ऑफिसात फार तर एक खाडा चुकतो, इथे भलताच सुटतो. म्हणून आधी बंदी क्रमांक टाकायचा आणि बोट फक्त त्याच नोंदीशी ताडायचं. धोका 10,000 त एकवर येतो. एकाच नावाचे दोन पाटील (आपल्याकडे त्यात नवल ते काय!) इथेच वेगळे होतात. पडद्यावर फोटोही उमटावा आणि शिपायाने तो चेहऱ्याशी पडताळावा.

यंत्र ‘हा कोण’ ते सांगतं, ‘किती गेले’ ते नाही. एकाने बोट लावलं आणि मागून दुसरा सरकला, तरी नोंद एकाचीच. उपाय जुनाच : देवडीची दोन्ही दारं एका वेळी उघडायची नाहीत, मधे एकेकालाच घ्यायचं. ‘बाहेर’ नोंद असलेल्याला पुन्हा ‘बाहेर’ जाऊ देऊ नये, अशी अट सॉफ्टवेअरमध्ये घालावी. कोर्टातून परतताना बोट घ्यायचं राहिलं असेल, तर कोर्टाच्या पुढच्या तारखेला यंत्र अडवतं आणि चूक उघडी पडते. टाळाबंदीची, म्हणजे बंद्यांना कोठडीत बंद करतानाची, गिनती मात्र माणसानेच करायची. वीज गेली तर दार बंदच राहावं, पण किल्लीने उघडता यावं. आग लागल्यावर यूपीएसच्या भरवशावर राहता येत नाही. आणि हो, 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील सांगलीच्या तुरुंगातून निसटले ते तटावरून खंदकात उडी टाकून. देवडीवरच्या यंत्राला त्याचा पत्ताही लागला नसता.

प्रश्न : ऊसतोड करणाऱ्यांची बोटं यंत्र घेत नाही. मग काय करतात? – एक वाचक, तासगाव

उत्तर : कोयता धरून रेषा झिजतात, त्यात उसाच्या पाचटाने चिरा पडतात. हात साबणाने धुवून कोरडे करावेत. कातडी फारच रखरखीत असेल, तर बोट कपाळावरून फिरवलं तरी पुरेसा ओलावा येतो. काचेवर टोक नको, पेराचा मधला फुगीर भाग टेकवावा, तोही हलकेच. जोर दिला की रेषा चपट्या होऊन एकमेकींत मिसळतात. दहाही बोटं घेऊन त्यांतली स्पष्ट निवडावीत. अंगठा आणि तर्जनी झिजलेली असली तरी अनामिका बऱ्याचदा शाबूत सापडते. काच दर थोड्या वेळाने पुसावी, नाहीतर आधीच्या माणसाचा ठसा खाली तसाच राहतो. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर ओळखीसाठी बुबुळाची नोंद घ्यावी : चष्मा काढून, उन्हाची तिरीप डोळ्यावर येणार नाही अशा जागी. मेहनतीचं काम थांबलं की महिनाभरात रेषा पुन्हा वर येतात, तेव्हा नोंद नव्याने घ्यावी. ही दुसरी फेरी हमखास टाळली जाते, आणि मग रोज देवडीवर रांग तुंबते.

प्रश्न : निर्दोष सुटल्यावर ठशांचं काय होतं? – एक वाचक, सातारा

उत्तर : 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याप्रमाणे नोंदी 75 वर्षं ठेवता येतात. पण आधी कधी तुरुंगवासाच्या गुन्ह्यात दोषी न ठरलेला माणूस खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, तर अपिलाचे मार्ग संपल्यावर त्या नष्ट करायच्या असतात. न्यायालयाने लेखी कारण देऊन वेगळा आदेश दिला असेल तर गोष्ट निराळी. निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेवा.