'महाकाय जुळे तारे' म्हणावं का?

एका वाचकाला आकाशनिरीक्षकांच्या गटासाठी टिपण लिहायचं आहे. विषय आहे सूर्याच्या कैकपट वस्तुमान असलेले तारे आणि त्यांच्या जोड्या-तिकड्या. मथळा त्यांनी केलाय 'महाकाय जुळ्या ताऱ्यांचा अभ्यास', आणि विचारलंय की हे शब्द चालतील का, नसतील तर दुसरे कोणते घ्यावेत.

माझ्या मते दोन्ही बदलावेत. 'महाकाय' तर नक्कीच.

काया म्हणजे देह, तेव्हा 'महाकाय' हा शब्द आकारमान सांगतो. इथे मुद्दा वस्तुमानाचा आहे आणि ताऱ्यांच्या बाबतीत या दोन गोष्टी हातात हात घालून चालत नाहीत. वृश्चिकेतली ज्येष्ठा बघा. तिचा व्यास सूर्याच्या सुमारे ७०० पट; सूर्याच्या जागी आणून ठेवली तर मंगळाची कक्षासुद्धा तिच्या पोटात जाईल. वस्तुमान मात्र सूर्याच्या १२-१५ पट. उलट मृगातल्या तेजोमेघाच्या गाभ्यात चार ताऱ्यांचा जो छोटा चौकोन दुर्बिणीतून दिसतो, त्यातला सर्वांत तेजस्वी तारा, थीटा-१ ओरायनिस सी, व्यासाने सूर्याच्या दहापटच आहे, पण वस्तुमान तीसपटींच्या पुढे. म्हणजे ज्येष्ठा महाकाय खरी, पण भार या चौकोनातल्याचा अधिक. आपला सूर्यही काही अब्ज वर्षांनी फुगून तांबडा राक्षसी तारा होणार आहे. तेव्हा तो महाकाय होईल. तुमच्या टिपणात त्याला तरीही जागा नाही. तिथे साधारण ८ सूर्यांच्या वरचेच तारे येतात, ज्यांचा गाभा शेवटी कोसळतो.

मग काय म्हणावं? 'महावस्तुमानी' चोख आहे, पण दर ओळीत आला तर वाचणाऱ्याचा दम जाईल. 'भारी' सुटसुटीत होता, पण 'भारी तारे' असा मथळा वाचून कॉलेजातली पोरं भलताच अर्थ घेतील. मी 'वजनदार' घेईन. भौतिकशास्त्राचे शिक्षक हरकत घेतील की वजन वेगळं, वस्तुमान वेगळं. कबूल. पण सुरुवातीला एकदा 'महावस्तुमानी' लिहून पुढे 'वजनदार' वापरलं तर गैरसमज व्हायचं कारण नाही. शिवाय वजनदार माणूस म्हणजे ज्याच्या शब्दाला वजन आहे तो, आणि हे तारे संख्येने मूठभर असले तरी आकाशगंगेत त्यांचा दरारा तसाच आहे.

आता 'जुळे'. या शब्दाची बाजूही घ्यायला हवी. जोडीतले तारे बहुधा एकाच ढगातून, एकाच सुमारास जन्मतात, म्हणजे जन्माचा भाग जुळतो. पण जुळ्यांत आपण सारखेपणाही धरतो, आणि तो बहुतेक जोड्यांत नसतो. अभ्यासकांना जवळजवळ समान वस्तुमानाच्या जोड्यांसाठी वेगळा शब्द लागतोच. 'जुळे' त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

'युग्मतारा' चांगला, पण पुस्तकी. 'द्वैती तारा' असंही लिहिलेलं दिसतं. ते वाचलं की मला उगाच मध्वाचार्यांचे अनुयायी आठवतात. माझं मत 'जोडतारा'ला. जोडाक्षरातला 'जोड' दोघांना एकत्र बांधतो, तर जोडधंद्यातला 'जोड' एकाला मुख्य आणि दुसऱ्याला दुय्यम ठरवतो. ताऱ्यांच्या जोड्यांत दोन्ही प्रकार सापडतात. व्याकरणही सोपं: 'चित्रा हा जोडतारा आहे' असं एकवचनात म्हणता येतं.

चित्रा मुद्दामच घेतली. जोडताऱ्यांचा विषय निघाला की सगळे वसिष्ठ-अरुंधतीकडे वळतात, पण ते तारे वजनदार नाहीत. चित्रा आहे. तिच्यातला एक तारा सुमारे ११ सूर्यांचा, दुसरा सुमारे ७ सूर्यांचा, आणि दोघे ४ दिवसांत एकमेकांभोवती फेरी पुरी करतात. त्यांच्यातलं अंतर जेमतेम दोन कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य-बुध अंतराचा तिसरा हिस्सा. दुर्बिणीतून ते वेगळे दिसत नाहीत. १८९० मध्ये जर्मनीत पॉट्सडॅमला हेर्मान फोगेल यांनी चित्रेच्या वर्णपटातल्या रेषा मोजल्या, तेव्हा त्या कधी निळ्या बाजूला, कधी तांबड्या बाजूला सरकताना दिसल्या. तारा जवळ येतो तेव्हा निळ्याकडे, लांब जातो तेव्हा तांबड्याकडे. अशांना 'वर्णपटीय जोडतारा' म्हणावं.

जाता जाता एक गंमत. राशिचक्र कुठून मोजायचं या पंचांगाच्या वादात चित्रापक्षाने चित्रेला खुंटी मानलं, तर टिळक पंचांगाने रेवतीतल्या झीटा पिशियमला. हा झीटा पिशियमही एकटा तारा नाही. वाद कितीही पेटला तरी दोन्ही पक्षांची खुंटी जोडाचीच निघाली.

दोनांहून अधिक तारे असले की शब्दांची पंचाईत होते. 'तारकासमूह' म्हटलं की सिंह, वृश्चिक डोळ्यांपुढे येतात. 'तारकागुच्छ' म्हणजे कृत्तिका. 'बहुतारा' चालेल, पण आकडा ठाऊक असेल तर सरळ 'तिकडी', 'चौकडी' लिहावं आणि रचना सांगावी. मृगाच्या पोटातल्या बाणाचा पश्चिमेकडचा तारा, मिंटाका, असाच आहे. आत ५.७ दिवसांत फिरणारी घट्ट जोडी, आणि तिच्याभोवती बऱ्याच अंतरावरून संथपणे फिरणारा तिसरा. याच ताऱ्याच्या वर्णपटात १९०४ मध्ये योहानेस हार्टमान यांना कॅल्शियमची एक रेषा जागची हलत नसलेली दिसली. बाकी रेषा फिरत्या ताऱ्याबरोबर डोलत होत्या, ही स्थिर. म्हणजे ती ताऱ्याची नव्हती. वाटेतल्या वायूची होती. ताऱ्यांमधली जागा रिकामी नाही, याचा भक्कम पुरावा या जोडीमुळे हाती आला.

'मुख्य तारा' हा शब्द मात्र जपून वापरा. मुख्य म्हणजे तेजस्वी की वजनदार, हे आधी ठरवावं लागतं. स्वरमंडळात अभिजितजवळ बीटा लायरी आहे. त्यातला जो तारा ठळक दिसतो तो सुमारे ३ सूर्यांचा, आणि सुमारे १३ सूर्यांचा जोडीदार जाड चकतीत दडलेला. मुळात ठळकच जास्त वजनदार होता. तो फुगला, आपल्या हद्दीबाहेर गेला आणि त्याचा वायू जोडीदाराकडे वाहू लागला. या हद्दीला 'रोश मर्यादा' म्हणू नका; उपग्रह ग्रहाच्या किती जवळ आला की फुटतो, त्या अंतराचं ते नाव आहे. ही थेंबाच्या आकाराची हद्द म्हणजे 'रोश लोब'. ओढूनताणून मराठी करण्यापेक्षा तसंच ठेवावं.

ही देवाणघेवाण अपवादाची नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओ वर्गाचे, म्हणजे सर्वांत वजनदार वर्गातले, ७१ तारे तपासले होते. त्यावरून अंदाज निघाला की अशा ताऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक तारे आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराशी वस्तुमानाची देवघेव करतात. काही तर एकमेकांत विलीन होतात. विलीन न झालेल्या जोडीतले दोन्ही तारे कोसळले की मागे कृष्णविवरांची जोडी उरू शकते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेने टिपलेल्या गुरुत्वीय लहरी सुमारे ३६ आणि २९ सूर्यांच्या कृष्णविवरांच्या एका जोडीच्या होत्या. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया अशाच लहरी टिपण्यासाठी आहे, तेव्हा हे शब्द आपल्याला पुढेही लागणार.

तुमचा मथळा मी असा करीन: 'वजनदार ताऱ्यांच्या जोड्या आणि चौकड्या'. 'अभ्यास' काढला तरी चालेल, टिपण तेच करतंय.