एको कमांडने पाइपमधून पासवर्ड दिला तरी एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचा प्रोग्राम) तो घेत नाही. लॉगिन स्क्रिप्टमधून आपोआप कसं करायचं?

तुमच्या स्क्रिप्टमध्ये चूक नाही. एसएसएच पासवर्ड स्टँडर्ड इनपुटमधून वाचतच नाही, थेट टर्मिनल उघडून तिथे विचारतं. पाइपमधून काहीही ओता, ते ढुंकूनही बघणार नाही.

सर्व्हरवर तुमचं खातं असेल आणि तिथे ‘की’ (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइलची जोडी) चालत असेल, तर पासवर्डचा नाद सोडा. एसएसएच-कीजेनने ईडी२५५१९ प्रकारची की बनवा, एसएसएच-कॉपी-आयडीने पब्लिक की पलीकडे टाका, झालं. तरीही पासवर्ड मागितला तर पलीकडच्या डॉट-एसएसएच फोल्डरची परवानगी ७०० आणि ऑथोराइज्ड-कीज फाइलची ६०० आहे ना, ते आधी बघा. घोळ बऱ्याचदा तिथेच असतो.

जुने स्विच, टेलनेटवरची (एसएसएचआधीची लॉगिन पद्धत) उपकरणं असतील तर मात्र एक्स्पेक्ट हे टूल कामाला येतं. ते खोटं टर्मिनल उभं करून त्यात प्रोग्राम चालवतं, त्यामुळे समोर माणूसच बसलाय असं प्रोग्रामला वाटतं. स्पॉनने प्रोग्राम सुरू करायचा, एक्स्पेक्टने प्रॉम्प्टची (प्रोग्राम विचारतो त्या ओळीची) वाट बघायची, सेंडने उत्तर द्यायचं आणि इंटरॅक्टने कीबोर्ड परत आपल्या हातात घ्यायचा.

यात मी एकदा सपाटून आपटलोय. एक्स्पेक्ट मुळात १० सेकंदच थांबतं आणि प्रॉम्प्ट आला नाही तर एरर न देता मुकाट पुढच्या ओळीवर जातं. त्या दिवशी सर्व्हर सुस्त होता. प्रॉम्प्ट यायच्या आधीच माझ्या स्क्रिप्टने पासवर्ड पाठवला, तो उघडा लॉगमध्ये उमटला. मग प्रॉम्प्ट आला आणि पुढची कमांड पासवर्ड म्हणून गिळली गेली! तेव्हापासून प्रत्येक एक्स्पेक्टमध्ये टाइमआउटची वेगळी शाखा लिहून तिथे एक्झिट टाकतो.

सेंडच्या शेवटी बॅकस्लॅश-आर द्या, म्हणजे एंटर दाबल्यासारखं होतं. प्रॉम्प्टमधल्या ‘पासवर्ड’चा इंग्रजी पी कधी मोठा असतो, कधी लहान, म्हणून पॅटर्नमध्ये तो गाळून पुढचाच भाग लिहितात. पासवर्डमध्ये डॉलर किंवा चौकोनी कंस असेल तर तो दुहेरी अवतरणात न ठेवता महिरपी कंसात ठेवा, नाहीतर टीसीएल (एक्स्पेक्टची स्क्रिप्ट जिच्यात लिहितात ती भाषा) त्याचा भलताच अर्थ लावतं. फक्त महिरपी कंसात बॅकस्लॅश-आर चालत नाही, म्हणून ते वेगळ्या सेंडने पाठवा.

एसएसएचला पासवर्ड पुरवणारं एसएसएचपास हे टूलही आहे, पण त्याला कमांड लाइनवर पासवर्ड देऊ नका. तो शेलच्या हिस्टरीत (आधी दिलेल्या कमांडच्या नोंदीत) राहतो. फाइलमधून द्या आणि त्या फाइलची परवानगी ६०० ठेवा.