आधी आजी, मग स्कॅनर

बाळ,

परवा तुमच्याकडून घरी आले आणि रात्री झोपच लागेना. दारापर्यंत सोडायला आलीस तेव्हा विचारलंस ना, काकू, जुने फोटो स्कॅन करायला फ्लॅटबेड स्कॅनर घेऊ की फोनवरच ॲपने काढू, सहाशे डीपीआय, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके, पुरे का, आणि ते ब्लॅक अँड व्हाईट फोटो एआयने कलर करून आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला पुस्तक छापलं तर कसं वाटेल, आणि मी म्हटलं बघू, बोलू नंतर. रिक्षा खाली उभी होती. आता नीट सांगते, आणि थोडी चिडूनच सांगणार आहे, मनाला लावून घेऊ नकोस.

कराडचं घर विकताना आजीच्या फोटोंची ती ट्रंक तू भंगारात जाऊ दिली नाहीस, पुण्याला घेऊन आलीस, त्याबद्दल वेगळं कौतुक करत नाही, तुला ते कळतंच. पण साडेतीनशे फोटोंपैकी दोनशे तू दीड महिन्यात स्कॅन केलेस, फोल्डर केलेस, फाइलींना नंबर दिलेस आणि या दीड महिन्यात आजीपुढे किती वेळा बसलीस? म्हणालीस, सगळं झालं की एकदम टीव्हीवर लावून सरप्राइज देणार आहे तिला. अगं तिचेच फोटो, तिलाच सरप्राइज?

आधी आजी, मग स्कॅनर. हे आज मी तुला दहादा सांगणार आहे.

फोटोंना घाई नाहीये. ब्लॅक अँड व्हाईट फोटोत चांदी असते, ओल आणि कसर लागली नाही तर ते तुझ्या नातवंडांपर्यंत आरामात जातील. आजीचं तसं नाही. तुझी आईच सांगत होती, शिमग्यापासून आजी तिला मधूनच वन्सं म्हणून हाक मारते. तू तेव्हा लॅपटॉपमध्ये डोकं घालून होतीस, तुला ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

तो त्रेचाळीस नंबरचा फोटो आठव. फाइलला तू 'फॅमिली पिकनिक' नाव दिलंयस. अंगणात तीन बाजा, त्यावर वाकळा, कडेला तीन दगडांची चूल, पोरं कानटोप्या घालून दाटीवाटीनं बसलेली, एका बाईची वेणी अर्धी सुटलेली. मलाही सहलच वाटली असती. मी तो मूळ फोटो आजीच्या हातात दिला आणि भिंग दिलं. तिनं माणसांकडे बघितलंच नाही. बोट सरळ कोपऱ्यात गेलं, चुलीच्या मागे काहीतरी गोल चमकतंय, तू ज्याला डाग म्हणालीस आणि पुसायला निघाली होतीस तिथे, आणि म्हणाली, "हे आमचं घंगाळ. सासूबाईंनी आधी हे बाहेर काढलं, मग पोरं."

कोयनेचा भूकंप गं तो. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चारनंतर कधीतरी. आजी बावीस-तेवीस वर्षांची, सासरी येऊन तिसरं वर्ष. घर पडलं नव्हतं पण आत झोपायची कोणाची छाती होईना, म्हणून अख्खी आळी थंडीत कितीतरी रात्री अंगणात झोपली, रांधणं-जेवणं सगळं बाहेर, आणि समोरच्या घरातले एक मास्तर कॅमेरा घेऊन फिरत होते, त्यांनी हा काढला. हे सगळं वीस मिनिटांत बाहेर आलं, तेही चहा पिता पिता. बाराशे डीपीआयला स्कॅन केलं असतंस तर काय झालं असतं, तो डाग मोठा दिसला असता आणि तू तो जास्त सफाईनं पुसला असतास.

मी एवढी का पेटलेय ते सांगते.

माझ्याकडे एक फोटो आहे, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, स्टुडिओतला, मागे रंगवलेला महाल आणि खांब. चार बायका. दोघी खुर्चीत, दोघी मागे उभ्या, नऊवारी, हात गुडघ्यांवर ठेवून ताठ. पाठीमागे शाईनं लिहिलंय 'गोदी व मंडळी, पुणे.' गोदी म्हणजे माझी आजी. आणि मंडळी? तिघींपैकी एक आजीची धाकटी जाऊ असावी, असं आपलं मी म्हणते. डावीकडे उभी आहे तिनं माझ्या वडिलांना लहानपणी सांभाळलं असं घरात अर्धवट ऐकलेलं, ती पुढे लवकर गेली म्हणे. तिचं नाव सांगू शकणारं शेवटचं माणूस म्हणजे माझी आत्या, साताऱ्याला राहायची. पुण्याहून सातारा काही लांब नाही, एसटीनं तीन तास. मी दर वर्षी म्हणायचे, दिवाळीत जाऊ, पुठ्ठा घेऊन जाऊ, निवांत बसू. शाळेचे पेपर, पोरांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, मी काही रिकामी बसलेली नव्हते, हेही लिहून ठेवते. १९९६ च्या पावसाळ्यात आत्या गेली. बाराव्याला गेले तेव्हा पुठ्ठा पिशवीत होता, का नेला होता कोण जाणे.

आज तो फोटो इतका बारीक स्कॅन केलाय की त्या डावीकडच्या बाईच्या ठुशीचे मणी मोजता येतात. मी मोजलेत. नाव माहीत नाही.

म्हणून परत सांगते, आधी आजी, मग स्कॅनर.

तू म्हणालीस, काकू तुम्हाला फोटो बघून साल कसं कळतं, मला शिकवा. शिकवीन. भिंतीवर कालनिर्णय असेल तर फोटो १९७३ च्या आधीचा नाही. मुंबईच्या घरावर टीव्हीचा अँटेना दिसला तर ऑक्टोबर ७२ नंतरचा, कारण मुंबई दूरदर्शनच २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. चौकोनी छोटा फोटो, बाजू सारख्या, तर बहुतेक आग्फा क्लिक थ्रीसारख्या डबा कॅमेऱ्याचा, एका रोलमध्ये बाराच फोटो, म्हणून तर लोक श्वास रोखून उभे राहायचे, वाया घालवायला फिल्म नव्हतीच. पण मला हे का येतं माहितीये? विचारायला कोणी उरलं नाही म्हणून. आंधळा काठीनं वाट शोधतो तसं हे आहे. तुझ्या घरात अजून डोळस माणूस आहे आणि तू माझ्याकडे काठी मागतेस.

कलर करण्याबद्दल. नको. तुझ्या उत्साहावर पाणी टाकायचं नाहीये पण नकोच. जुन्या स्टुडिओत फोटो काढायच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग नीट दिसायचाच नाही, लाल असेल ते काळं यायचं. माझ्या त्या चौघींच्या कपाळावरचं कुंकू काळंभोर आहे. माझ्या भाच्यानं हौसेनं तो फोटो कलर करून पाठवला, त्यात त्या डावीकडच्या बाईला निळं लुगडं आणि कपाळाला काळी टिकली. ती ज्या रंगात उभी होती तो रंग कोणालाच माहीत नाही, मग निळा कुठून आला? तुझ्या बाबतीत तर ते लुगडं नेसलेली बाई पलीकडच्या खोलीत बसलीये! विचार ना तिला. भूकंपाच्या फोटोत अंगावर काय होतं गं आजी? ती सांगेल इरकल की पुणेरी, आणि कोणी घेतलं होतं तेही सांगेल, आणि ते घेण्यावरून काय झालं होतं ते तर नक्कीच सांगेल.

आता विचारायचं कसं, कारण तिथेही तू घोळ घालणार. प्रत्येक फोटोवर बोट ठेवून हे कोण, हे कोण करत सुटू नकोस, तोंडी परीक्षा वाटते आणि एखादं नाव आठवलं नाही की म्हातारी माणसं हिरमुसतात. फोटो तिच्या हातात दे, स्क्रीनवर नको. ती तो उलटा करेल, कडा चाचपेल, वास घेईल, करू दे. फोनवर रेकॉर्डिंग लाव, पण तिला सांगून, आणि मग फोन पालथा ठेवून विसरून जा. एका दिवशी पाच-सहाच फोटो. साल चुकलं तर दुरुस्त करू नकोस, मनात ठेव. विचार, फोटो कोणी काढला, कारण काढणारा कधीच फोटोत नसतो, तुझे आजोबा अर्ध्या अल्बमात का नाहीत ते त्यातून कळेल. विचार, त्या दिवशी जेवायला काय होतं. आणि मुख्य म्हणजे विचार, यात कोण नाहीये. आमच्या वाड्यात एक चुलत आजी होत्या, विधवा, आलवण नेसायच्या, आमची सगळ्यांची बाळंतपणं त्यांनी काढली. एकाही फोटोत नाहीत. फोटोवाला आला की त्या स्वयंपाकघरात. त्यांचा फोटो मी कुठून आणू? पण त्या होत्या हे मला कळलं ते कोणीतरी विचारलं म्हणून कळलं.

आणि बायकांची नावं. फोटोमागे बघ काय लिहिलंय, 'अण्णा, बापू, चि. शरद, सौ. वहिनी व मुले.' पुरुष नावानं, बायका नात्यानं. तुझ्या आजीचं माहेरचं नाव काय? परवा मी विचारलं तेव्हा तू आईकडे बघितलंस, आईनं बाबांकडे. तिघांनाही माहीत नाही आणि ती बाई तुमच्याच घरात पलंगावर बसून लसूण सोलतेय. मला खरंच वाईट वाटलं.

नावं कळली की त्याच दिवशी लिही. जुन्या कागदी फोटोवर मागून ४बी सारख्या मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेन अजिबात नको, दाबानं पुढे चेहऱ्यावर रेघ उमटते. ऐंशीनंतरच्या रंगीत फोटोंचा कागद प्लास्टिकचा असतो, त्यावर पेन्सिल उठत नाही, ते कागदी पाकिटात घाल आणि पाकिटावर लिही, पण फोटो घालायच्या आधी. आणि रंगीतच आधी सांभाळ, त्यांचे रंग बंद कपाटातसुद्धा उडतात. ते चिकट पानांचे प्लास्टिकवाले अल्बम असतील तर त्यातून हळूहळू सोडव, निघत नसेल तर ओढू नकोस. लॅमिनेशन करू नकोस. मूळ फोटो कुठल्याही दुकानात ठेवून येऊ नकोस, एका ठिकाणी मी आईचा लग्नातला फोटो साफ करायला दिला होता, परत मागायला गेले तर म्हणे कोणीतरी नेला. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हॉट्सॲप त्याचा पार चुरा करतं. झालं, तुझ्या स्कॅनरला एवढंच उत्तर. सहाशे डीपीआय पुरे. कुठलाही घे.

ओलीबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं. आमचा वाडा नारायण पेठेत, मी सात वर्षांची. आम्ही वरच्या अंगाला नातेवाइकांकडे पळालो, परत आलो तर माजघरात गुडघाभर चिखल आणि वडिलांची फोटोंची ट्रंक त्या चिखलात आडवी. आईनं सगळे फोटो बाहेर काढले, एकावर एक रचले आणि उन्हात वाळत ठेवले, पापड घालावेत तसे. तिला काय माहीत. फोटोवरचा थर भिजला की सरसासारखा होतो, वाळताना एकमेकांना धरतो. दोन दिवसांत त्याची वीट झाली, अक्षरशः वीट. वडिलांनी ती सुरीनं उघडायचा प्रयत्न केला, अर्धा चेहरा या कागदावर, अर्धा त्या. नंतर ते काही बोलले नाहीत, ती वीट कपाटावर ठेवून दिली. स्वच्छ पाण्यात ठेवून एकेक सुटा केला असता तर बरेच वाचले असते, हे मला चाळीस वर्षांनी कळलं. आज माझ्याकडे जे फोटो आहेत ते आत्याकडे साताऱ्याला होते म्हणून आहेत.

आणि तेच मी वाटू दिले नाहीत. तुझ्या आईनं तुला सांगितलं असेल, भावानं माझ्याशी चार वर्षं बोलणं टाकलं होतं. वडील गेल्यावर तो म्हणाला, तीन भाऊ-बहिणी, तीन वाटे कर. मी म्हटलं प्रती हव्या तेवढ्या काढून देते, पण डबा फुटणार नाही. लोक म्हणाले कागदाच्या तुकड्यांसाठी सख्ख्या भावाशी वैर. म्हणू देत. मला आजही वाटतं मी बरोबर केलं, कारण एका डब्यातले फोटो एकमेकांना ओळख देतात, याच्यातला सदरा त्याच्यात दिसतो आणि माणूस सापडतो. त्याच्या दोन घरं बदलण्यात काय काय हरवलं ते मी बघितलंय. हां, एक चुकलं. त्या चार वर्षांत त्याला काहीच विचारता आलं नाही, आणि तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, वाड्यातलं त्याला माझ्याहून कितीतरी जास्त आठवत होतं. डबा राखला. भावाला आठवत होतं ते गेलं. म्हणून तुझ्या काकांना ट्रंकेतलं काही हवं असेल तर भांडू नकोस, पण त्यांना आजीशेजारी बसव, दोघं मिळून आठवू देत, एकाचं चुकलं की दुसरा सांगतो.

पुस्तक छापायचं तर छाप, पण समारंभाची तारीख डोक्यात ठेवून पळू नकोस. चाळीसच फोटो घे, चाळीसही नको, पंचवीस घे, पण प्रत्येकाखाली आजीचं वाक्य असू दे, तिच्या बोलीत, जसं बोलली तसं. शुद्ध करू नकोस. 'सासूबाईंनी आधी हे बाहेर काढलं, मग पोरं' याला कसली दुरुस्ती करणार तू?

शनिवारी मी येतेय. आजी दुपारची उठली की चारच्या सुमारास, चहाच्या वेळी तिचं डोकं सगळ्यात लख्ख असतं. भिंग मी आणते, पेन्सिल तू आणून ठेव. लॅपटॉप बंद. त्रेचाळीस नंबरच्या फोटोत बाजेच्या पलीकडे एक मुलगा उभा आहे, निम्मा कापला गेलाय, परवा आजी सगळ्यांची नावं घेत त्याच्यापाशी आली आणि चहा गार झाला म्हणाली. चहा गार झालेला नव्हता. त्याच्याबद्दल लगेच विचारू नकोस. आधी ते घंगाळ आता कोणाकडे आहे तेवढं विचार.

तुझी,
काकू