वादळानंतरचे भाड्याचे घर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळ्याच्या अखेरीस विदर्भात वादळी वारा आणि अवकाळी पाऊस येऊन गेला की गावातील भाड्याच्या खोल्या, रस्त्यालगतचे गाळे आणि धान्याची गोदामे यांच्याविषयी पत्रे येऊ लागतात. यंदाच्या बहुतेक पत्रांत एक अडचण समान आहे: व्यवहार तोंडी झालेला असतो आणि छप्पर उडाल्यावर कोणी काय कबूल केले होते हे दोघांनाही सिद्ध करता येत नाही. म्हणून पुढील उत्तरांत कायद्याइतकाच भर वादळानंतरच्या पहिल्या आठवड्यात तयार करावयाच्या कागदांवर दिला आहे.

प्रश्न: आमचे वडिलोपार्जित घर दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात आहे आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. दोन खोल्या एका शिक्षकांना किरायाने दिल्या आहेत. लेखी काहीच नाही. वादळात अर्धे टिनपत्रे उडाले. किरायेदार नातेवाइकांकडे राहायला गेले असून दुरुस्ती होईपर्यंत किराया देणार नाही, असे म्हणतात. त्यांचे म्हणणे योग्य आहे का?

उत्तर: आधी घर सुरक्षित करावे, भाड्याचा विचार त्यानंतर करावा. भिंती भिजलेल्या असताना खोलीतील वीज सुरू राहू देऊ नये. मीटरजवळचा मुख्य स्विच बंद करण्यास सांगावे, आणि खांबावरून येणारी तार तुटून लोंबत असेल तर तिला कोणीही हात न लावता महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. मीटरपुढील घरातील वायरिंग ही घरमालकाची जबाबदारी असल्याने ती परवानाधारक वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय पुरवठा सुरू करू नये.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा सर्व गावांना लागू नाही. त्याच्या अनुसूचींत, म्हणजे अधिनियमाला जोडलेल्या याद्यांत, नमूद केलेल्या क्षेत्रांनाच तो लागू होतो. आपले खेडे त्यांत नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम १०८ पाहावे लागते. त्यातील एका तरतुदीत आग, वादळ आणि पूर यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा आपत्तीने जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला किंवा ज्या कामासाठी ती दिली होती त्यासाठी कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेपट्टा रद्द समजण्याचा पर्याय भाडेकरूला मिळतो. पत्रे उडणे हे नुकसान मोठे असले तरी कायमचे नाही. त्यामुळे केवळ या तरतुदीच्या आधारे भाडे आपोआप थांबते, असे म्हणता येणार नाही.

तरीही माझा सल्ला असा की, खोली राहण्यायोग्य नव्हती त्या दिवसांचे भाडे आपण मागू नये. ज्या छपराखाली कुटुंब झोपू शकत नाही त्याचे भाडे वसूल करण्याचा आग्रह न्यायालयात कदाचित टिकेल. पण गावात शिक्षक, आरोग्यसेविका किंवा बँकेचे कर्मचारी असे नियमित भाडे देणारे भाडेकरू सहज मिळत नाहीत, आणि त्यांनी मुलाबाळांसह काढलेल्या रात्रींचाही विचार व्हायला हवा. कोणत्या तारखेपासून भाडे स्थगित आहे, दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होईल आणि भाडे पुन्हा केव्हा सुरू होईल, या तीन गोष्टी एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. आपण पुण्यात असल्याने तूर्त मोबाइलवर संदेश पाठवून त्यांचे लेखी उत्तर घेतले तरी चालेल, मात्र तो संदेश जपून ठेवावा. या वादळाने झालेली मोडतोड आपण त्यांच्या अनामत रकमेतून कापू शकत नाही. अनिवार शक्तीमुळे, म्हणजे वादळासारख्या न रोखता येणाऱ्या कारणाने, जागेत झालेल्या बदलाची भरपाई भाडेकरूने करावयाची नसते, हेही त्याच कलमात सांगितले आहे.

प्रश्न: तालुक्याच्या ठिकाणी बसस्थानकाजवळ माझे किराणा दुकान किरायाच्या गाळ्यात आहे. वादळात शटर वाकले आणि मागचे सिमेंटचे पत्रे फुटले. मालक फोन उचलत नाहीत. मी स्वतः दुरुस्ती करून खर्च किरायातून वळता करू शकतो का?

उत्तर: करू शकता, परंतु क्रम चुकवू नका. आपले शहर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या अनुसूचीत असेल, तर कलम १४ प्रमाणे, भाडेकरूने तसा विरुद्ध करार केलेला नसेल तेव्हा, जागा वापरण्यायोग्य स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. मालकाला नोटीस पोहोचल्यापासून १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वजा करू शकतो. मात्र एका वर्षात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक करता येत नाही. महिना ४,००० रुपये भाडे असेल तर वर्षाचे ४८,००० होतात आणि वजावटीची मर्यादा १२,००० रुपये ठरते.

शहर अनुसूचीत नसेल तर परिस्थिती भाडेकरूसाठी अधिक अवघड होते. १८८२ च्या अधिनियमातही नोटिशीनंतर स्वतः दुरुस्ती करून व्याजासह खर्च वळता करण्याची मुभा आहे, पण जी दुरुस्ती करण्यास मालक बांधील आहे तेवढ्यापुरतीच. अशी बांधिलकी करारातून किंवा स्थानिक वहिवाटीतून दाखवावी लागते. आजवर छपराची दुरुस्ती मालकच करीत आला असेल, तर मागील वर्षांच्या पावत्या, पत्रे बसविणाऱ्या मिस्त्रीचा जबाब आणि शेजारच्या गाळेधारकांचे म्हणणे या ठिकाणी उपयोगी पडते.

दोन्ही परिस्थितींत नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवावी. फोन उचलत नाहीत ही तक्रार पुरावा ठरत नाही. दुरुस्तीपूर्वी दोन मिस्त्रींकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि पक्की बिले आपल्या नावाने करून घ्यावीत. सिमेंटचे जुने पत्रे कोरडे असताना कापू किंवा फोडू नयेत, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. ते पाण्याने भिजवून अखंड उतरवावेत.

प्रश्न: तलाठ्यांनी पंचनामा केला. घर माझे, राहतो किरायेदार. सरकारी मदत कोणाला मिळेल? नमुना आठवर (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदीवर) अजून माझ्या दिवंगत वडिलांचे नाव आहे.

उत्तर: घराच्या पडझडीची मदत घराच्या मालकाला आणि घरगुती सामानाची मदत तिथे राहणाऱ्या कुटुंबाला, हे तत्त्व धरून पंचनाम्यात दोघांच्याही नोंदी स्वतंत्रपणे करून घ्याव्यात. राज्याने मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने स्वीकारलेल्या केंद्रीय निकषांनुसार सपाट प्रदेशातील पूर्ण नष्ट घरासाठी १,२०,००० रुपये, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरासाठी ६,५०० रुपये आणि तशाच कच्च्या घरासाठी ४,००० रुपये अशी तरतूद आहे. घर पूर्ण नष्ट झाल्यास कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी कुटुंबाला प्रत्येकी २,५०० रुपये मिळतात. हे निकष २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी आखलेले असल्याने आपल्या घटनेच्या तारखेला लागू असलेला शासन निर्णय तहसील कार्यालयात पाहून घ्यावा. दुकानगाळ्यांच्या छपरासाठी या निकषांत वेगळी मदत नाही.

नमुना आठवर वडिलांचे नाव असेल तर मदत अडकण्याची शक्यता असते. मृत्यू प्रमाणपत्र आणि सर्व वारसांचे संमतीपत्र आताच सादर करावे, आणि ग्रामपंचायतीकडे वारस नोंदीचा अर्जही त्याच दिवशी द्यावा. पंचनाम्याची प्रत मागून घेणे हा आपला हक्क आहे. विम्यासाठी आणि भाडेकरूशी हिशेब करण्यासाठीही तीच प्रत लागते.

प्रश्न: किरायाने दिलेल्या घराचा विमा काढता येतो का?

उत्तर: येतो, आणि तो काढावाच. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात वादळ आणि पूर समाविष्ट आहेत, आणि घर राहण्यायोग्य न राहिल्यास बुडालेल्या भाड्याचीही तरतूद आहे. मालकाने इमारतीचा आणि भाडेकरूने आपल्या सामानाचा विमा काढावा. मालकाच्या पॉलिसीत भाडेकरूचा फ्रिज येत नाही. घरावर गवत, बांबू किंवा ताडपत्री असेल, तर असे बांधकाम पॉलिसीत बसते का, हे हप्ता भरण्यापूर्वीच कंपनीकडून लेखी घ्यावे. नुकसान झाल्यावर कंपनीला तत्काळ कळवावे, ताडपत्री टाकून पुढील नुकसान थांबवावे, परंतु वाकलेले पत्रे सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी भंगारवाल्याला देऊ नयेत.

प्रश्न: माझे गोदाम एका व्यापाऱ्याला सोयाबीन आणि तूर साठविण्यासाठी दिले आहे. तीन वर्षांत दुसऱ्यांदा पत्रे उडाले. मिस्त्री म्हणतो, अधिक जाड पत्रे टाका. तेवढ्याने भागेल का?

उत्तर: भागणार नाही. छप्पर वाऱ्याने वरून दाबले जाऊन मोडत नाही, ते वर खेचले जाते. उतरत्या छपरावरून वारा वेगाने जाताना पत्र्याच्या वरच्या बाजूस दाब कमी होतो. त्याच वेळी गोदामाचे शटर उघडे असेल किंवा दबून वाकले तर वारा आत शिरून पत्र्यांना खालून ढकलतो. ही ओढ पाखाडीच्या (छपराच्या उतरत्या बाजूच्या) कडांना, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ (छपराच्या सर्वांत उंच कडेजवळ) सर्वाधिक असते, म्हणून उडण्याची सुरुवात बहुधा कोपऱ्यातील पत्र्यापासून होते. वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात नागपूरसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर हा मूलभूत वेग धरला आहे. विदर्भात समुद्र नाही, म्हणून छपराची बांधणी सैल चालेल, असे समजणे धोक्याचे आहे.

त्यामुळे पैसा आधी जोडांवर खर्च करावा. पत्रा पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पट्टीला), पर्लिन कैचीला (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला) आणि कैची भिंतीला अशी साखळी सलग असावी लागते; यांतील एक दुवा कच्चा असेल तर जाड पत्रा पर्लिनसह उडतो, आणि जड असल्याने जिथे पडतो तिथे अधिक हानी करतो. कडांच्या आणि आढ्याच्या पर्लिनवर जे-हुक (पत्रा पर्लिनला अडकविणारे आकडे) मधल्या भागापेक्षा कमी अंतरावर घ्यावेत, शक्य तिथे यू-बोल्ट वापरावेत आणि प्रत्येकाखाली वॉशर असावा. पर्लिनला वेल्डिंगचा नुसता टिपका देऊन काम संपविण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. तिथे क्लीट (पर्लिन आणि कैची जोडणारा लोखंडी तुकडा) आणि बोल्टचा आग्रह धरावा. कैचीचे बोल्ट सुट्या विटांत न ठेवता भिंतीवरील सिमेंट काँक्रीटच्या पट्ट्यात गाडलेले असावेत. भिंतीबाहेर निघालेली पाखाडी अर्ध्या मीटरपेक्षा अधिक ठेवू नये. पत्र्यांवर दगड किंवा जुने टायर ठेवण्याने मोठ्या वादळात उपयोग होत नाही, आणि वाऱ्याने घरंगळलेला दगड खालच्या माणसाचा जीव घेऊ शकतो.

व्यापाऱ्याच्या भिजलेल्या मालाविषयी आपण विचारलेले नाही, पण तो प्रश्न उभा राहणारच. पहिल्यांदा पत्रे उडाल्यावर बांधणी कच्ची असल्याचे आपल्याला कळले होते आणि तरीही तशीच दुरुस्ती केली असेल, तर दुसऱ्या वेळी केवळ नैसर्गिक आपत्तीकडे बोट दाखवून जबाबदारी टाळणे कठीण जाईल.

प्रश्न: आमच्या जुन्या मातीच्या घरात वीस वर्षांपासून एक वृद्ध मावशी किरायाने राहतात. वादळात कवेलू उडाले आणि एक भिंत झुकली. भिंत पडेल अशी भीती वाटते, पण त्या खोली सोडायला तयार नाहीत. घरच पडले तर किरायेदारी आपोआप संपते का?

उत्तर: संपते असे गृहीत धरू नका. इमारत नष्ट झाली तरी भाडेकरूचा हक्क त्यामुळे आपोआप नष्ट होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात दिला आहे. वीज किंवा पाणी तोडून त्यांना बाहेर काढण्याचा विचारही करू नये; भाडे नियंत्रण अधिनियम लागू असलेल्या क्षेत्रात तसे करणे कलम २९ नुसार दंडनीय आहे आणि इतरत्रही ते अन्यायाचेच आहे.

मावशी घर सोडत नाहीत याचे कारण बहुधा हट्ट नसून भय आहे. एकदा बाहेर पडल्यावर परत घेतले जाणार नाही, असे त्यांना वाटत असावे, आणि वीस वर्षांत एकही कागद नसताना ते वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून आधी त्यांना लेखी हमी द्यावी: दुरुस्तीनंतर हीच खोली याच भाड्याने त्यांना परत मिळेल, दुरुस्तीच्या काळात भाडे घेतले जाणार नाही, आणि तोवरच्या राहण्याची सोय आपण कराल. गावातील दोन विश्वासू व्यक्तींना साक्षीदार घ्यावे आणि कागद त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. त्याच वेळी ग्रामपंचायतीला भिंतीच्या स्थितीविषयी लेखी कळवून पाहणी मागावी, आणि तोपर्यंत झुकलेल्या भिंतीला बल्ल्यांचा टेका देऊन त्या बाजूची खाट हलवावी. हमी दिल्यानंतरही त्या तयार झाल्या नाहीत, तर दुरुस्तीसाठी जागा मोकळी करून मिळावी म्हणून न्यायालयात जाता येते. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १६ मध्ये हे कारण दिलेले आहे आणि दुरुस्तीनंतर भाडेकरूला परत प्रवेश देण्याची तरतूदही त्याच अधिनियमात आहे. मात्र मृग नक्षत्र लागण्यापूर्वी निकाल हाती येईल, अशी अपेक्षा ठेवू नका. टेका आणि हमीपत्र या दोन गोष्टी याच आठवड्यात करून घ्याव्यात.