आपल्या लिखाणाची मुळं आणि लय कशी शोधावी?

तुम्ही विचारलंय की पाच-सहा वर्षं कविता आणि कथा होतात, मग महिनोन्महिने काहीच होत नाही. आपलं लिखाण येतं कुठून आणि त्याला सातत्य कसं यावं?

आधी वह्या काढा. आठवणीवर विसंबू नका, कारण आठवणीत फक्त जमलेलं लिखाण उरतं. शेवटची वीस लिखाणं घ्या, अर्धवट सोडलेली तर नक्कीच घ्या. प्रत्येकापुढे तारीख, दिवसाची वेळ, पहिली ओळ कशामुळे सुचली (पाहिलेलं, ऐकलेलं की वाचलेलं) आणि लिखाण नेमकं कुठे थांबलं, एवढं लिहा. दोन तासांचं काम आहे. थांबण्याच्या जागा सहसा एकसारख्याच निघतात: कुणाची कथा दुसऱ्या पात्राच्या तोंडी वाक्य घालायची वेळ आली की अडते, कुणाची कविता चौथ्या ओळीनंतर. दुखणं एकदा असं नेमकं कळलं की 'सुचत नाही' हे कारण मागे पडतं.

मग कानाकडे वळा, कारण माझ्या मते खरी मुळं तिथेच आहेत. आपल्या कविता मोठ्याने वाचा, फोनवर ध्वनिमुद्रित करा, दुसऱ्या दिवशी ऐका. श्वास जिथे तुटतो तिथे तिरकी रेघ मारा आणि प्रत्येक तुकड्यातली अक्षरं मोजा. सहा-सहा-सहा-चार असा हिशेब वारंवार आला तर कानात 'मोठा अभंग' हा छंद आहे. उदाहरणासाठी रचलेली ही ओळ पाहा:

वळचणीखाली / थेंबांची पंगत / मातीची संगत / ओली झाली

दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं, चौथा तुकडा आखूड पडतो आणि त्या आखूडपणामुळेच ओळ मिटते. आठ-आठ अक्षरांचे दोन चरण येत असतील तर तो छोटा अभंग. आठ-आठ मात्रांचे तुकडे पडत असतील (ऱ्हस्व म्हणजे लघु अक्षराची मात्रा एक, दीर्घ म्हणजे गुरु अक्षराच्या दोन) तर पादाकुलक हे वृत्त, ते बहुधा शाळेतल्या कवितांतून आलेलं असतं. लहानपणी मनाचे श्लोक पाठ झालेल्यांच्या ओळी त्या श्लोकांच्या वृत्ताकडे, भुजंगप्रयाताकडे, ओढल्या जातात: लघु-गुरु-गुरु चार वेळा, बारा अक्षरं.

मोजताना चुका ठरलेल्या. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं. 'पुस्तक'ची अक्षरं तीन, पण मात्रा चार, कारण 'स्त'चा आघात 'पु'वर येऊन तो गुरु होतो. 'घर' म्हणताना 'र' आपण अर्धाच उच्चारतो, मोजताना मात्र ते पूर्ण अक्षर असतं. म्हणून बोलल्यासारखी वाचलेली ओळ तोकडी वाटते. चालीत म्हणून पाहा. नवख्याने अक्षरछंदापासून, म्हणजे अभंगासारख्या फक्त अक्षरं मोजायच्या रचनेपासून सुरुवात करावी, तिथे लघु-गुरूचं बंधन नाही. वृत्तात घाईने उतरलं की ऱ्हस्वाचं दीर्घ करून ओळ बसवण्याची खोड लागते आणि ती फार उशिरा सुटते.

मुक्तछंद लिहिणाऱ्यांनीही हे मोजमाप करावं. लय टाकून द्यायची तर ती कोणती, हे ठाऊक हवं.

गद्याचं दुखणं वेगळं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सलग दहा वाक्यं 'होता, होती, होते'वर आदळतात. एका पानावर अशा शेवटांखाली रेघा ओढा. उपाय: भूतकाळ एकदा प्रस्थापित झाला की काही वाक्यं क्रियापदाशिवाय सोडा, नेहमीच्या वागण्यासाठी 'जाई, बसे, म्हणे' वापरा, दोन वाक्यं 'ऊन' प्रत्ययाने (जाऊन, बसून) जोडा. क्रियापद ओढून मधे आणण्याची युक्ती पानात एकदा-दोनदाच. जास्त झाली की नाटकी वाटते.

आणि बोली. घरात अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी असेल आणि तुम्ही मनातल्या मनात प्रमाणभाषेत उतरवून लिहीत असाल तर संवाद ताठरतात. आजोळच्या शब्दांची वेगळी वही करा, शब्द संपूर्ण वाक्यासकट टिपा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम आणि शेतकाम करताना त्या खानदेशच्या बोलीत गाणी रचत, ती इतरांनी टिपली, आणि 1951 साली त्या गेल्यानंतर 1952मध्ये पुस्तक निघालं. जातं ओढणाऱ्या हाताची गती त्या ओळींत आहे. तुमच्या दिवसात असं लयबद्ध काय आहे, लोकलचा प्रवास, पोळ्या लाटणं, फेरफटका? सुचण्याची वेळ तीच असेल तर टिपणाची वही तिथे ठेवा.

रोज चाळीस मिनिटं, दोनशे ते अडीचशे शब्द, वेळ एकच. पहिली दहा मिनिटं कालचं पान हाताने पुन्हा उतरवण्यात घालवा. कोऱ्या पानाची धास्ती त्यानेच जाते. सुट्टीच्या दिवशी पाच तास बसून आठवड्याचं भरून काढू नका, सोमवारी हात पुन्हा आखडतो.

वर्षाची लय तर आपल्याला आयती मिळालेली आहे. का. र. मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीकडे चालतं. गफलत अशी होते की लोक ऑगस्टमध्ये जागे होतात आणि पहिला खर्डाच पाठवतात. त्याऐवजी खर्डा मार्च-एप्रिलमध्ये पुरा करा, मे महिनाभर त्याला हात लावू नका, जूनमध्ये मोठ्याने वाचत पुन्हा लिहा, जुलैत पाठवा. शब्दमर्यादा संपादकांना आधी विचारा, आणि मजकूर युनिकोडमध्ये द्या. जुन्या फॉन्टमधली जोडाक्षरं रूपांतरात फुटतात.