एकर विकू नका, कापूस मात्र या आठवड्यात विका

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. बाळ साडेतीन महिन्यांचं. बारशाला शिवलेलं टोपडं कानांवर सैल आणि मागे तोकडं पडायला लागलं, तेव्हा त्यांना शंका आली. मुंबईच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून सांगितलं की टाळूपासून मागे जाणारी कवटीची मधली शिवण वेळेआधी जुळून गेली आहे, शस्त्रक्रिया लागेल. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि नंतर डोक्याला आकार देणारं हेल्मेट मिळून ३ लाख ४० हजारांचा अंदाज दिला आहे. घरात दीड लाखाची एफडी, सहा तोळे सोनं आणि २० क्विंटल कापूस. सासरे म्हणतात भाव चढू दे, मग बघू. दीर म्हणतात बोरीकाठचा एकर विकून टाका. सासूबाई म्हणतात, ‘तेल लाव, डोकं गोल व्हई जाई.’

ताई, आधी सासूबाईंचं. एकाच कुशीवर झोपून बाळाचं डोकं चपटं झालं असेल तर कूस बदलून बहुतेकदा सुधारतं. तुमच्या बाळाचं तसं नाही. हाडं जुळलेली आहेत, मालिशने ती सुटत नाहीत. मेंदू पहिल्या वर्षात सर्वांत झपाट्याने वाढतो. मधून जागा मिळाली नाही की कवटी पुढे-मागे लांबत जाते आणि काही मुलांत मेंदूवर दाब येतो. त्यांना हे सीटीच्या चित्रावर बोट ठेवून दाखवा, नीट समजेल.

आता पैशाचं. इथे तारीख बाजार ठरवत नाही, बाळाचं वय ठरवतं. दुर्बिणीची शस्त्रक्रिया साधारण तीन-चार महिन्यांच्या वयात सर्वांत चांगली साधते, सहा महिन्यांनंतर ती सहसा करत नाहीत. नंतर मोठी, उघडी शस्त्रक्रिया करावी लागते. तिचेही निकाल चांगले असतात, पण छेद मोठा, रक्त चढवण्याची शक्यता जास्त, मुक्काम जास्त. कोणती करायची ते डॉक्टरांनीच सांगावं. फक्त कापसाच्या भावामुळे एक वाट बंद झाली असं होऊ देऊ नका.

सासऱ्यांना हा हिशोब सांगा. तुम्ही लिहिलेल्या ७ हजारांच्या भावाने आज १ लाख ४० हजार येतात. दोन महिने थांबून क्विंटलला ५०० वाढले, तर जास्तीचे मिळतील १० हजार. आणि न वाढले तर? घरात पडलेल्या कापसाचं वजन मात्र घटेल. कापूस या आठवड्यात विका, एफडीही मोडा. एक टक्का दंड धरला तरी वर्षाला दीड हजारच जातात. मग कमी पडतात ५० हजार आणि वरचा खर्च. त्यासाठी बँकेत सोनं तारण ठेवून १ लाख उचला. दहा टक्क्यांनी आठ महिन्यांचं व्याज सहा-सात हजार होतं. खासगी सावकाराकडे जाऊ नका. जमीन मात्र घाईत विकू नका. गावात कोण अडचणीत आहे ते गिऱ्हाइकाला आधी कळतं, आणि गेलेला एकर परत येत नाही.

पण खिशाला हात लावण्याआधी तुमच्या यजमानांच्या कारखान्याची ३ लाखांची सामूहिक आरोग्यविम्याची पॉलिसी बघा. बाळाचं नाव त्यात घातलं आहे का, ते सोमवारीच विचारा. अडचण दोन ठिकाणी येते. डोक्याचा आकार बाहेरून दिसतो, म्हणून ‘बाह्य जन्मजात व्यंग’ म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. किंवा ही सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आहे असं म्हटलं जातं. म्हणून शस्त्रक्रिया मेंदूच्या वाढीला जागा देण्यासाठी आहे, दिसण्यासाठी नाही, असं डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या आणि दाखल होण्याआधीच कॅशलेसची लेखी मंजुरी मागा.

पॉलिसी अडली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला निदानाचा कागद दाखवून हीच शस्त्रक्रिया कुठे मंजूर होते ते विचारा. धर्मादाय रुग्णालयात वार्षिक उत्पन्न ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर बिलात सवलत मिळते. यजमानांचा पगार महिना २६ हजार म्हणजे वर्षाला ३ लाख १२ हजार. त्यात शेतीचं उत्पन्न मिळवून किती होतं ते बघा आणि तहसीलदाराचा दाखला आत्ताच काढा. शेवटच्या दिवशी तो मिळत नाही.

हेल्मेटचा खर्च बहुतेक जण विसरतात. ते दिवसाचे सुमारे २३ तास घालावं लागतं, कित्येक महिने. डोकं वाढलं की सारखं करून घ्यावं लागतं, कधी नवं घ्यावं लागतं. म्हणजे जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईच्या खेपा आल्या. अंदाजात किती हेल्मेट आणि किती तपासण्या धरल्या आहेत, हे लिहून मागा. आयसीयू, रक्त आणि पुढचं सीटी धरलंय का, तेही. आणि मे महिन्यात खान्देशात पारा ४४-४५ वर जातो. बाळ हेल्मेटमध्ये घामाने भिजेल, म्हणून कूलरचे आठ-दहा हजार आजच बाजूला काढा. ते खर्चात धरलेच पाहिजेत. गाडीभाड्यावाचून तपासणी चुकली किंवा उकाड्याने हेल्मेट काढून ठेवलं, तर शस्त्रक्रियेवर घातलेले पैसे वाया जातील.

काही मुलांना पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागते, तपासण्या कित्येक वर्षं चालतात. पॉलिसीतून पैसे परत आले तर आधी सोनं सोडवा आणि उरलेल्याची एफडी बाळाच्या नावाने करा. सोमवारी कारखान्याचं काम, मंगळवारी तहसील, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून तारीख पक्की करा.