रत्नांचं इंजिन करायला घेण्याआधी

प्रिय दोस्ता,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा नीट पाहिला. सोन्याचा सिलिंडर, त्यात माणकाचा दट्ट्या, खाली पाचूची बैठक आणि सगळं वाफेवर चालणारं. मेहनत दिसते आहे, पण या मांडणीत सोनं नेमकं घासणाऱ्या जागी आलंय आणि पाचू तापणाऱ्या जागी. इंजिन थोडा वेळ फिरेल. मग माणकाची कड सोन्यात चरे पाडेल, त्या चऱ्यांतून वाफ निसटायला लागेल आणि पाचूत मुळातच असलेल्या बारीक भेगा उष्णतेने वाढतील. म्हणून प्रत्येक भागाला आधी विचार: हा घासतो का, तापतो का, वजनाचं काम करतो का, की नुसता दिसतो? उत्तर मिळालं की पदार्थ निवडायला फार वेळ लागत नाही.

घासणाऱ्या जागी माणिक किंवा नीलम. दोन्ही एकच खनिज, कोरंडम, कठीणपणाच्या मोह्स मापावर (1 ते 10) 9. कृत्रिमच घे, रचना आणि कठीणपणा खाणीतल्या दगडाइतकाच असतो आणि आत अनपेक्षित डाग नसतात. ऑग्युस्त व्हर्नॉय याने 1902 मध्ये ज्वाळेत कोरंडम वाढवायची पद्धत जाहीर केली, तिने केलेल्या कांड्या आजही मिळतात. मात्र त्या कांडीच्या पोटात ताण अडकलेला असतो, म्हणून ती उभी चिरून दोन फाका करतात. अख्खी, न चिरलेली कांडी भोक पाडताना तडकण्याचा धोका मोठा. अर्धगोल छेदाचा तुकडा मिळाला तर तोच चांगला समज.

स्फटिक (क्वार्ट्झ) आणि अकीक 7 च्या आसपास, ते स्थिर भागांना: बैठक, खांब. टोपाझला एका पातळीत चिरण्याची उपजत सवय असते, ओपलच्या पोटात पाणी असतं आणि पाचू बहुधा तेल भरलेला असतो. या तिघांना इंजिनाच्या आसपास फिरकू देऊ नकोस. सोन्याचा खरा गुण त्याची घनता. तो फ्लायव्हीलच्या, म्हणजे गती टिकवणाऱ्या जड चाकाच्या, कडेला कामी येतो, दट्ट्यात आला तर नुसतं ओझं.

पहिलं इंजिन डोलत्या सिलिंडरचं कर आणि दाबाच्या हवेवर चालव. त्यात वेगळा व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडर डोलतो तसं त्याचं भोक कधी हवा येण्याच्या भोकासमोर, कधी बाहेर सोडणाऱ्या भोकासमोर जातं. माप असं धर: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 6 मिमी, स्ट्रोक (दट्ट्याची एका बाजूची धाव) 10 मिमी, म्हणजे दट्ट्याची धाव फिरण्यात बदलणाऱ्या क्रँकची त्रिज्या 5. सिलिंडर ज्या खिळीवर डोलतो तिथपासून क्रँकशाफ्टच्या मध्यापर्यंत 30 मिमी. खिळीपासून वर, सिलिंडरच्या भोकापर्यंत 12 मिमी. आता 5 भागिले 30 म्हणजे एक षष्ठांश, आणि 12 चा एक षष्ठांश 2. सिलिंडरचं भोक मध्यापासून दोन्ही बाजूंना 2 मिमी सरकतं. म्हणून स्थिर पाटीवर दोन भोकं मध्यापासून 2-2 मिमी अंतरावर येतात. तिन्ही भोकं 1.8 मिमीची ठेवलीस तर सिलिंडर सरळ उभा असताना दोन्ही बाजूंना 0.2 मिमीचं झाकण उरतं. हे 0.2 तुझ्या सगळ्या इंजिनातलं सर्वात महत्त्वाचं माप आहे. एक भोक तेवढंच आत सरकलं तर झाकण संपलं. आणखी थोडं सरकलं की हवा आत येताक्षणी बाहेरच्या वाटेने जाते आणि इंजिन मधल्या जागी अडून बसतं.

हे संपूर्ण इंजिन आधी पितळेत कर, याच मापांनी. पितळेत चुकलेलं भोक बुजवून पुन्हा पाडता येतं, नीलमात येत नाही. पितळेचं इंजिन फुंकरीने फिरायला लागलं की मगच एकेक भाग बदलायला घे, आणि प्रत्येक बदलानंतर चालवून पाहा. नवा भाग अडला तर दोष कुठे आहे हे लगेच कळतं.

पहिला बदल पाटीचा. त्यासाठी घड्याळाची सपाट नीलम-काच घे, 1.5 मिमी जाडीची. ती सपाट आणि झिलई केलेलीच मिळते. तीत तीन भोकं: खिळीचं 2 मिमीचं आणि वरची दोन 1.8 ची. पोकळ डायमंड ड्रिल वापर. सुरुवातीला ते पृष्ठभागावर भटकतं, म्हणून 3 मिमी जाड पितळी पट्टीत लेथवर नेमकी भोकं पाडून ती साच्यासारखी लाखेने काचेवर चिकटव. काचेच्या खाली साध्या काचेचा तुकडा चिकटव, नाहीतर ड्रिल पलीकडे निघताना कडेचा टवका उडतो. सगळं पाण्यात बुडवून ठेव, दाब बोटाच्या वजनाइतकाच दे, आणि दर दोन-तीन सेकंदांनी ड्रिल उचल म्हणजे गाळ बाहेर येईल आणि पाणी आत जाईल. पाण्यात दुधाळ धूर दिसत असेल तर ड्रिल कापतंय. धूर थांबला की दाब वाढवायचा मोह होतो, आणि काच तिथेच फुटते. त्या वेळी ड्रिल बाहेर काढून सिलिकॉन कार्बाइडच्या कांडीत क्षणभर चालव, नवे हिरेकण उघडे पडतात. एका भोकाला अर्धा तास लागला तरी हरकत नाही.

पाटीवर टेकणारी सिलिंडरची बाजू चांदीची ठेव. ती जाड काचेवर बारीक पावडरीने घासून सपाट कर, पण आरशासारखी चमकवू नकोस. दोन अतिसपाट, अतिगुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवतात. मंद, एकसारखी राखाडी बाजू हवा तितकीच अडवते आणि सरकतेही.

आता सिलिंडर. तो नीलमाच्या नळीचा कर: आतून 6, बाहेरून 9, लांबी 19 मिमी. नळीला बाजूने भोक पाडू नकोस. वरच्या तोंडावर चांदीची टोपी बसव आणि हवेचं भोक त्या टोपीतून काढ. टोपीतली पोकळी भोकाला पुरेल एवढीच ठेव. तिथे उरलेली जास्तीची जागा दर फेऱ्याला फुकट भरावी लागते. टोपी आणि पाटीवर सरकणारा ठोकळा एकाच चांदीच्या तुकड्यातून काढलास तर उत्तम. नळी त्यात इपॉक्सीने बसव. हवेवर चालणाऱ्या इंजिनाला ते पुरतं.

नळीचं भोक विकत मिळतं तसं चालत नाही. ते आतून लॅप करावं लागतं, म्हणजे पेस्ट लावलेल्या मऊ धातूच्या सळईने (तिलाच लॅप म्हणतात) घासून नेमकं करावं लागतं, आणि या कामाला घाई मानवत नाही. तांब्याच्या किंवा पितळेच्या सळईला उभी चीर दे, आत निमुळती खिळी घालून ती फुगवता आली पाहिजे. तिला हिऱ्याची पेस्ट लाव: आधी 15 मायक्रॉन, मग 6, 3 आणि शेवटी 1. प्रत्येक आकड्याला स्वतंत्र लॅप, स्वतंत्र डबी, स्वतंत्र फडकं. 15 चा एक कण 1 च्या लॅपमध्ये शिरला तर तो ओरखडा काढायला मागे जाऊन पुन्हा सुरुवात. आकडा बदलताना नळी साबणाच्या पाण्यात आणि मग स्पिरिटमध्ये धू, आणि भिंगातून पाहा. लेथ मंद ठेव आणि नळी हातात सैल धरून पुढेमागे ने. चकमध्ये आवळशील तर कडेला टवका जाईल.

इथे नेहमी होणारा दोष म्हणजे भोकाची दोन्ही तोंडं रुंदावणं. पेस्ट तोंडाशी साठते आणि तिथेच जास्त कापते. उपाय दोन. लॅप नळीबाहेर स्वतःच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढायचा नाही, आणि नळीच्या दोन्ही टोकांना त्याच भोकाच्या काचेच्या कड्या चिकटवायच्या. रुंदावायचं ते कड्यांत रुंदावेल. शेवटी कड्या तापवून काढून टाकायच्या.

दट्ट्या ग्रॅफाइटचा कर, 8 मिमी लांब. तू चांदीचा म्हणशील, म्हणून हिशेब पाहा. चांदी दर अंशाला दशलक्षात सुमारे 19 भाग फुगते, नीलम 5 ते 7. फरक 13 धर. 6 मिमी बोअरला इंजिन 60 अंशांनी तापलं तर 6 × 13 × 60, म्हणजे जवळपास 4.7 मायक्रॉन फट कमी झाली. तुझी थंड असतानाची फटच 8 मायक्रॉन आहे. वाफेवर तापमान याहून जास्त वाढतं आणि दट्ट्या अडकतो. सैल ठेवलास तर थंड असताना हवा गळते. ग्रॅफाइटचं फुगणं नीलमाच्या जवळपास, वजन कमी, आणि ते स्वतःच वंगण. दट्ट्या दिसायला हवा असेल तर त्याच्या माथ्यावर सोन्याची पातळ चकती बसव, व्यासाने अर्धा मिमी लहान, म्हणजे ती भिंतीला कधीच लागणार नाही.

फट मोजायला महागडं साधन लागत नाही. नळी उभी धर, खालचं तोंड बोटाने बंद कर आणि दट्ट्या वरून सोड. तो हवेच्या उशीवर थांबून सावकाश, सरळ खाली जायला हवा. बोट काढताच स्वतःच्या वजनाने सुळकन पडायला हवा. बोट लावलेलं असताना झपकन गेला तर सैल. बोट काढूनही अडला तर घट्ट, किंवा तिथे भोक वाकडं. अडण्याची जागा नळी फिरवल्यावर बदलते का पाहा. दट्ट्याबरोबर बदलली तर दोष दट्ट्यात. या जोडीला तेल अजिबात नको. ग्रॅफाइटच्या भुकटीत तेल मिसळलं की लगदा होतो आणि दट्ट्या चिकटतो.

क्रँकशाफ्ट 1.5 मिमीचा कठीण पोलादाचा. चांदीचा शाफ्ट वाकतो, त्यात वाद नाही. तो माणकाच्या दोन बेअरिंगांत फिरू दे, भोक शाफ्टपेक्षा 0.02 मिमी मोठं. बेअरिंग चांदीच्या खांबात ठोकून नको, दाबून बसवायचं: रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) खांबातलं भोक बेअरिंगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा 0.01 मिमी लहान ठेव आणि सपाट तोंडाच्या दाब्याने सरळ दाब. तिरकं गेलं तर माणकाची कड फुटते, आणि ती कपची शाफ्टला कानशीसारखी खाते. शाफ्टला लांबीच्या दिशेने 0.05 ते 0.1 मिमी मोकळीक ठेव. घड्याळाच्या तेलाचा एक थेंब पुरे, तोही सुईच्या टोकावरून.

चांदी 92.5 टक्क्यांची घे, शुद्ध नको. शुद्ध चांदी फार मऊ असते आणि लेथवर हत्याराला चिकटून ओरबाडली जाते. 92.5 ची चांदीसुद्धा तापवून मऊ केल्यावर कातू नकोस. आधी ठोकून किंवा लाटून कडक कर, मग धारदार हत्याराने काप. डाख द्यायचे सांधे आधी उरकून घे, जास्त तापमानाला वितळणाऱ्या चांदीच्या डाखापासून कमी तापमानाला वितळणाऱ्याकडे. रत्न कोंदणात बसवायचं ते सगळ्या आगीनंतर. कोरंडमला ज्वाळा सोसते, पण टाकणखार सोसत नाही: वितळलेला टाकणखार माणकाचा पृष्ठभाग खातो आणि झिलई उडते. स्फटिकाची रचना 573 अंशांना बदलते, तेव्हा तो तडकतो. ज्या चांदीला कधी कथलाचा किंवा शिशाचा डाख लागला असेल ती तापवू नकोस; कथील आणि शिसं चांदीत शिरून खड्डे पाडतात. त्यांच्या कानशीसुद्धा वेगळ्या ठेव.

फ्लायव्हीलची कड बाहेरून 36, आतून 28, रुंदी 4 मिमी. एवढ्या कडेचं वजन पितळेत सुमारे 13.7 ग्रॅम, चांदीत 16.7, आणि 18 कॅरेट सोन्यात 25 च्या आसपास. सोन्याचा मुलामा वजनात काहीच भर घालत नाही, हे लक्षात ठेव. खर्च झेपत नसेल तर चांदी पुरेशी आहे. चाक शाफ्टसकट दोन पात्यांच्या धारेवर ठेवून तोल बघ, जड बाजू आतून खरवड.

बैठक अकीकाची. सिलिकॉन कार्बाइड 220, 400, 600, 1000, मग फेल्टवर सेरियम ऑक्साइड. सेरियम नीलमावर चालत नाही, तिथे हिराच. हे सगळं घासणं ओलंच करायचं आणि तोंडाला मास्क लावायचा. अकीकाची आणि स्फटिकाची कोरडी धूळ फुप्फुसात कायमची बसते आणि सिलिकोसिस होतो. याबाबतीत कुणाचंही ऐकू नकोस, एका तुकड्यापुरतंसुद्धा.

जोडणी झाल्यावर सिलिंडर पाटीला धरून ठेवणारी स्प्रिंग अगदी सैल ठेव. हवा 0.2 बारने सोड आणि चाकाला बोटाने गती दे. पाटीपाशी फुसफुस ऐकू आली तर नट पाव फेरा आवळ, पुन्हा ऐक. आवळत आवळत चाक जड झालं तर एवढ्या दाबाने फुसफुस थांबणार नाही, चांदीची बाजू पुन्हा सपाट करायला हवी. 0.5 बारला 6 मिमीच्या दट्ट्यावर जोर येतो सुमारे 1.4 न्यूटन, फक्त 144 ग्रॅम वजनाइतका. कुठलंही लहानसं अडणं एवढा जोर खाऊन टाकतं. म्हणून इंजिन चालत नाही तेव्हा दाब वाढवू नकोस, अडणं शोध: सिलिंडर काढून नुसता शाफ्ट फिरव, मग दट्ट्या जोडून, मग पाटी लावून.

हवेची नळी सिलिकॉनची वापर. साध्या रबरात गंधक असतं, त्याने जवळची चांदी काळी पडते. काचेच्या पेटीत ठेवणार असशील तर पेटीत रबराची पट्टी किंवा लोकरीचं कापड नको.

नीलमाची नळी मागवण्याआधी पितळेच्या इंजिनाच्या पाटीवरची तिन्ही भोकं मोजून मला आकडे पाठव, मध्यापासूनचं अंतर दोन दशांश स्थळांपर्यंत. नळी आली की तिचं भोक दोन्ही तोंडांशी आणि मध्ये असं तीन जागी मोज, 0.05 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर परत कर, लॅप करत बसू नकोस.

शुभेच्छांसह,
तुझा हितचिंतक